हॅमस्टरचा पिंजरा कुठे ठेवताय? या चुका टाळा

हॅमस्टर घरी आला की पिंजऱ्यासाठी सगळ्यांना आधी खिडकीच सुचते. उजेड आहे, वारा आहे, बिचाऱ्याला बाहेरचं दिसेल. आम्हीही तेच केलं. डिसेंबरात टिल्लू आणला, पश्चिमेच्या खिडकीखाली ठेवला, तीन महिने सगळं छान होतं. मार्चअखेरीस दुपारी चारला बघते तर तो लाटलेल्या पोळीसारखा सपाट पडलेला, श्वास भराभर चाललेला. पिंजऱ्याचा प्लॅस्टिकचा तळ हाताला चांगलाच गरम लागला.

रानातला हॅमस्टर दिवसा जमिनीखाली गार बिळात झोपतो. त्याला माणसासारखा घाम येत नाही आणि पिंजऱ्यातून उठून सावलीत जाताही येत नाही. 18 ते 24 अंश तापमान त्याला मानवतं, तिशीपुढे उष्माघाताची भीती. असं झालंच तर आधी गार जागी हलवा, साध्या पाण्याने अंग हलकं ओलं करा आणि डॉक्टरांकडे न्या. बर्फाचं पाणी मुळीच नको.

म्हणून जागा सकाळी बघून ठरवू नका. पिंजऱ्याच्या उंचीवर थर्मामीटर ठेवून दुपारी दोन ते पाच बघा, आणि ऋतू बदलला की पुन्हा बघा, कारण ऊन घरात जागा बदलतं.

बाल्कनी तर नकोच. तिथे कावळे, मांजर, पावसाची झड, आणि दिवाळीत फटाके. एसीचा झोत थेट अंगावर येणारी जागाही टाळा. थंडी फार पडली तर हॅमस्टर गारठून निपचित होतो, श्वास इतका मंद की मेला असं वाटावं. घाईने पुरू नका, हळूहळू ऊब द्या आणि डॉक्टरांना दाखवा.

स्वयंपाकघरात फोडणीचा ठसका आणि मिक्सर. टीव्हीशेजारीही नको, आपल्याला ऐकू न येणारे बारीक आवाज त्याला ऐकू येतात. अगरबत्ती, मच्छरची कॉइल त्या खोलीत लावू नका.

जमिनीवर ठेवला की पावलांची धमधम आणि मुंग्या. टेबलावर ठेवा, टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. मुंग्यांचा खडू विषारी असतो, तो जवळ नको. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीला पिंजरा टेकवला तर आत अंथरलेल्या भुशाला बुरशी धरते.

आमचा पिंजरा आता हॉलच्या आतल्या कोपऱ्यात, कोरड्या भिंतीला एक बाजू लावून आहे. पाठीशी भिंत असली की तो कमी बिचकतो. बेडरूममध्ये ठेवायचा मोह होईल, पण रात्री एकला त्याचं पळायचं चाक खडखडायला लागलं की तुमची झोप गेली, आणि ते चाक काढून घेणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

जागा बदलाल तेव्हा त्याच दिवशी पिंजरा धुऊ नका. जुना भुसा थोडा राहू द्या, नव्या कोपऱ्यात त्याला स्वतःचाच वास ओळखीचा लागतो.