फ्लाय बांधायची बॉबिन कशी निवडावी

सोलापूरच्या पूर्व भागात बॉबिन म्हटलं की यंत्रमाग आठवतो. फ्लाय म्हणजे गळावर धागा, केस वगैरे बांधून केलेलं माशांसाठीचं खोटं आमिष. ती बांधणाऱ्याची बॉबिन वेगळी. ती धाग्याचं रीळ नव्हे, रीळ धरणारं हातातलं हत्यार आहे. तारेचे दोन पाय, पायांच्या टोकांना रिळाच्या भोकात बसणारे दोन मणी आणि वर एक बारीक नळी, एवढेच भाग. रिळावरचा धागा नळीतून येतो आणि वाइसमध्ये (गळ धरणाऱ्या छोट्या शिकंज्यात) पकडलेल्या गळावर गुंडाळला जातो. मागावरचा नियम इथेही लागू पडतो: धाग्यावर ताण हवा, पण धागा तुटण्याआधी रीळ फिरलं पाहिजे. बॉबिन घेताना पाहायच्या बहुतेक गोष्टी या एका नियमातून येतात.

नळी

नळ्या साधारण तीन प्रकारच्या मिळतात: पितळी, स्टेनलेस स्टीलच्या आणि सिरॅमिकच्या. सिरॅमिकमध्ये काही ठिकाणी फक्त तोंडाशी कडं बसवलेलं असतं, तर काही ठिकाणी आतली पूर्ण नळी सिरॅमिकची असते. पितळ मऊ असतं, त्यामुळे धागा घासून तोंडाला हळूहळू चर पडतो आणि तोच चर पुढे धागा कापतो. जेल-स्पन पॉलिइथिलीनचा धागा (बांधणारे त्याला जीएसपी म्हणतात) फार चिवट असतो, तो साध्या धातूच्या नळीलाही खाचा पाडतो. हा धागा वापरणार असाल तर सिरॅमिकच घ्या.

सिरॅमिक कठीण असतं, पण ठिसूळही. बॉबिन शहाबादी फरशीवर पडली तर कड्याला केसाएवढी चीर जाऊ शकते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण धाग्याला पात्यासारखी लागते. बॉबिन पडल्यानंतर धागा अचानक तुटू लागला तर आधी नळीवर संशय घ्या.

तोंड तपासायला समईची कापसाची वात पुरते. वात तोंडाच्या कडेवरून सगळीकडे हलकेच फिरवा. एक तंतू जरी अडकला तरी तिथे खरखर आहे. धागा रिळाकडून आत शिरतो त्या मागच्या तोंडावरही वात फिरवा. बहुतेक जण पुढचंच टोक पाहतात आणि मागच्या टोकाला धागा पिंजत राहतो. मग 70 डेनियरचा बारीक धागा ओवून तो तिरका धरत वीसेक वेळा ओढा आणि काळ्या कागदावर ठेवून पाहा. तंतू सुटलेले दिसले तर बॉबिन परत करा. बॉबिन ऑनलाइन मागवली असेल तर ही चाचणी परतीची मुदत संपण्याआधी करा. स्टीलच्या नळीची किरकोळ खरखर 2000 नंबरच्या पॉलिश पेपरने निघते. सिरॅमिकची दुरुस्ती होत नाही.

ताण

गळ वाइसमध्ये पकडा, धाग्याचे आठ-दहा वेढे घ्या आणि बॉबिन मोकळी लोंबू द्या. स्वतःच्या वजनाने रीळ फिरता कामा नये. आता बॉबिन धरून सावकाश खाली ओढा. धागा तुटायच्या थोडं आधी रीळ सरकलं तर ताण बरोबर. लोंबतानाच रीळ उलगडलं तर ताण कमी आहे, रीळ न फिरताच धागा तुटला तर जास्त आहे.

ताण कमी करायचा तर रीळ काढून दोन्ही पाय सारखेच किंचित बाहेर वाकवा, वाढवायचा तर आत दाबा. वाकवताना पायाच्या मधोमध धरा, नळीच्या जोडाजवळ नको. तिथे सारखा जोर दिला तर जोड सैल होतो. एकच पाय वाकवला तर रीळ तिरकं बसतं आणि ताण कधी जास्त, कधी कमी होत राहतो.

रीळ रिकामं होत जातं तसा ताण वाढतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मण्यांचं घर्षण तेवढंच राहतं, पण धाग्याच्या थराची त्रिज्या कमी होते. भरलेल्या रिळावर ती 10 मिमी असेल आणि शेवटी 5 मिमी उरली, तर तेच रीळ फिरवायला धाग्याला दुप्पट जोर लागतो. म्हणून अर्ध्या रिळानंतर चाचणी पुन्हा करा. स्क्रूने ताण बदलता येणाऱ्या बॉबिनला इथे खरा अर्थ आहे. रोज बांधणाऱ्याने ती जरूर घ्यावी. महिन्यातून चार फ्लाय बांधणाऱ्याला तारेचे पाय पुरतात.

धागा आणि गळ

9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर, हे सोलापुरात समजावून सांगायला नको. फ्लायच्या रिळांवर मात्र 6/0, 8/0 असेही आकडे असतात. आकडा मोठा तसा धागा बारीक, पण दोन कंपन्यांचा 8/0 सारखाच असेल असं नाही. डेनियर दिला असेल तर तोच पाहा. नेहमीच्या नळीला 70 ते 210 डेनियर चालतो. फ्लॉससाठी (पीळ नसलेल्या मऊ, जाड धाग्यासाठी) रुंद तोंडाची वेगळी नळी मिळते.

उजनीच्या चिलापीसाठी 10 ते 14 नंबरच्या गळावर निम्फ (पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारखी फ्लाय) बांधायची असेल तर 70 डेनियर आणि हलकी, आखूड बॉबिन बरी. मरळसाठी 2 ते 1/0 गळावर पॉपर (पाण्यावर तरंगणारी फ्लाय) बांधायचा तर 140 किंवा 210 घ्या. अशा फ्लायसाठी परदेशात हरणाचे केस वापरतात. आपल्याकडे सांबर-चितळाचे केस 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाहीत, तेव्हा फोमच वापरा. फोमवर बारीक धागा ताणून आवळला तर फोमच कापला जातो. धागा जाड, सपाट हवा आणि ताण मध्यम.

सपाट धाग्यासाठी बॉबिन लोंबताना सरळ आणि मोकळी फिरली पाहिजे. दर वेढ्यागणिक धाग्याला एक पीळ चढतो. उजव्या हाताने बांधणाऱ्याने बॉबिन वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की पीळ उतरतो. पाय वाकडे असतील तर बॉबिन फिरण्याऐवजी झुलते आणि धागा सपाट होत नाही.

रिळाची रुंदी विकत घेण्याआधी पट्टीने मोजा. शिलाई मशीनचं छोटं रीळ नेहमीच्या बॉबिनमध्ये ढिलं पडतं. शिलाईचा धागा वापरायचा असेल तर तो रिकाम्या फ्लाय रिळावर भरून घ्या. कांडी भरतात तसाच, शेजारी शेजारी आणि घट्ट, कडेपासून 2 मिमी खाली थांबून. सैल भरलं तर वरचा वेढा खालच्या थरात रुततो आणि ऐन वेळी धागा अडकतो.

धागा कुठे तुटला ते पाहिलं की कारण कळतं. नळीच्या तोंडाशी तुटला तर तोंड खराब. गळाजवळ तुटला तर बहुधा धागा गळाच्या टोकाला घासला, त्यात बॉबिनचा दोष नाही. नळीच्या मागे तुटला तर धागा रिळावर रुतला आहे.

सुरुवातीला दोन बॉबिन पुरे: धाग्यासाठी सिरॅमिकची एक, तांब्याच्या तारेसाठी साधी स्टीलची एक. दर वेळी रीळ बदलत बसलात तर ओवण्यातच वेळ जातो. ओवायला 0.20 मिमी नायलॉनच्या दोरीचा दुहेरी फास नळीत वरून घाला, खालून बाहेर आलेल्या फासात धागा अडकवा आणि वर ओढा.

मेणाचा धागा असेल तर एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात मेण मऊ होऊन नळीत साचतं आणि ताण उगाच वाढतो. बॉबिन खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. नळी साफ करायला जाड नायलॉनचा तुकडा आत-बाहेर करा. सुई घालू नका, तिने धातूच्या नळीला आतून ओरखडा पडतो, सिरॅमिकच्या कड्याचा टवका उडतो, आणि वातीची चाचणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.