पिकअपचे पुढचे ब्रेक पॅड घरच्या अंगणात कसे बदलावेत

दर शुक्रवारी पहाटे नारळ-सुपारी भरून आमची पिकअप डिचोलीहून अस्नोड्यामार्गे म्हापशाच्या बाजाराला जाते. पावसाळा सरता सरता तिने उतारावर शिटी मारायला सुरुवात केली. ब्रेक दाबला की बारीक, दातांवर येणारी किंकाळी, पाय काढला की गप्प. बऱ्याच पॅडना एक छोटी पोलादी जीभ असते. पॅड झिजून पातळ झाला की ती डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला, घासते आणि असा आवाज करते. हा आवाज म्हणजे अजून थोडे दिवस आहेत. खरखर, करकर असा जड आवाज आला तर मात्र पॅड संपून लोखंडावर लोखंड घासतंय. ती गाडी बाजाराला न्यायची नाही.

काम अवघड नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने अर्धा दिवस हाताशी ठेवावा. हात बसला की दोन तासांत होतं. पण ब्रेकचं काम आहे, म्हणून एक अट आधीच घालून घ्या: मध्येच काही अडलं, किंवा कुठे तेल गळताना दिसलं, तर हट्ट न करता मेस्त्रीला घरी बोलवायचं.

पॅड घेताना दुकानात नुसतं गाडीचं नाव सांगून भागत नाही. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग, बदललेले असतात. आरसी बुक बरोबर न्या, जमल्यास जुन्या पॅडचा फोटोही दाखवा. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे. एका बाजूला नवे आणि दुसरीकडे जुने ठेवले तर जोरात ब्रेक मारताच गाडी एका अंगाला ओढते. पॅडबरोबर नव्या पट्ट्या, म्हणजे क्लिपा, मिळाल्या तर घ्याच. शिवाय ब्रेक क्लीनरचा डबा, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस, तारेचा ब्रश, जाड तार, मोठी सिरिंज आणि सुतार वापरतात तसा सी-क्लॅम्प लागेल. पाने बहुतेक गाड्यांना १२, १४ नाहीतर १७ नंबरचे लागतात. तोंडाला मास्क हवा. पॅडची धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपने कधीच उडवू नका. जुन्या पॅडमध्ये काय मिसळलेलं असेल ते सांगता येत नाही. क्लीनरने ओली करून फडक्याने पुसा.

आता जागा. सिमेंटचं सपाट अंगण असेल तर उत्तम. भाटातल्या किंवा कुळागरातल्या मातीत, त्यातही पावसानंतर, जॅक हळूच रुततो, म्हणून खाली जाड फळी टाका. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि हँडब्रेक ओढा. तो मागच्या चाकांवर चालतो, त्यामुळे पुढचं चाक उचललं तरी गाडी धरून ठेवतो. तरीही मागच्या चाकांना पुढून-मागून ओंडके लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करून घ्या. हवेत लटकलेलं चाक नट सोडवताना नुसतं फिरत राहतं.

मग जॅक लावा. कुठे लावायचा ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. आणि इथे आपल्याकडची एक खोड सांगायलाच हवी. गाडी वर केली की आपण खाली चिरे रचतो. जांभा घराच्या भिंतीला चांगला, पण एकाच ठिकाणी गाडीचा भार आला की तो कोपऱ्यातून भुगा होतो किंवा एकदम दुभंगतो, आणि आधी काही सांगत नाही. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचंही तेच. चेसीखाली लोखंडी घोडीच, म्हणजे जॅक स्टँड, लावा. शेजाऱ्याकडे मागा, भाड्याने आणा, पण नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नका. काढलेलं चाक चेसीखाली आडवं सरकवून ठेवा. घोडी सटकलीच तर गाडी त्याच्यावर टेकेल.

स्टिअरिंग अशा बाजूला वळवा की कॅलिपरचे मागचे बोल्ट सहज हाताला येतील. डिस्कवर मुठीसारखा बसलेला जो लोखंडी तुकडा दिसतो तो कॅलिपर. हात लावण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा, आणि एका वेळी एकच बाजू उघडा. काही विसरलात तर दुसरी बाजू नमुना म्हणून समोर असते. बऱ्याच पिकअपमध्ये खालचा बोल्ट काढला की कॅलिपर वरच्या पिनवर दारासारखा वर उघडतो. काहींमध्ये दोन्ही बोल्ट काढावे लागतात. बोल्टबरोबर पिनही गोल फिरू लागली तर ती दुसऱ्या पान्याने धरा. पूर्ण निघालेला कॅलिपर तारेने स्प्रिंगला किंवा जवळच्या भक्कम भागाला बांधा. तो रबरी पाइपवर लोंबकळू देऊ नका. पाइप बाहेरून धड दिसतो, पण आतून चिरतो.

कॅलिपर उघडा असताना ब्रेकच्या पेडलवर कोणाचाही पाय पडता कामा नये, नाहीतर पिस्टन, म्हणजे तेलाच्या दाबाने पॅड ढकलणारा कॅलिपरमधला दट्ट्या, बाहेर निसटतो. घरात मुलं असतील तर गाडीला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवा. स्टिअरिंगवर बसायला पोरांना निमित्तच हवं असतं.

जुने पॅड काढल्यावर ते फेकू नका, शेजारी शेजारी ठेवून नीट बघा. या पाहणीतच गाडीचा खरा हिशेब कळतो. आमच्या डाव्या चाकाचा आतला पॅड जेमतेम २ मिलिमीटर उरला होता आणि बाहेरचा ६. मसाला, म्हणजे पॅडच्या पत्र्यावरचा घासणारा थर, ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावाच, पण एवढा फरक म्हणजे नुसती झीज नव्हे. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यातली एक अडकली होती. रबरी टोपी फाटून आत पाणी आणि इकडची लाल धूळ जाऊन तिचा गंजाचा लगदा झाला होता. नुसते पॅड बदलून गाडी बाहेर काढली असती तर नवेही तसेच तिरपे झिजले असते. पिना ओढून काढा, जुनं ग्रीस पूर्ण पुसा, सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या आणि बोटांनी सहज आतबाहेर सरकतात का बघा. टोपी फाटली असेल तर नवी घाला. साधं पेट्रोलियम ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबर फुगतं.

डिस्कवरून बोट फिरवा. बारीक रेषा चालतात. नख अडकेल अशी खोल चर, तडा किंवा निळसर डाग असेल तर डिस्क मेस्त्रीला दाखवा. कमीत कमी जाडी किती हवी, हा आकडा बहुतेक डिस्कवरच कोरलेला असतो. चार दिवस पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर जी तांबूस साय येते तिला घाबरू नका, पहिल्या काही ब्रेकांत ती निघून जाते.

पॅड बसतात ती खाच तारेच्या ब्रशने घासून नव्या क्लिपा लावा. नंतर पिस्टन मागे ढकलायचा, कारण नवे पॅड जाड असतात. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण सैल करा आणि भोवती फडकं गुंडाळा. पिस्टन मागे जातो तसं तेल टाकीत वर चढतं. ऑइल आधी कुणी टॉपअप केलेलं असेल तर ते उतू जाणार, म्हणून सिरिंजने थोडं काढून घ्या. रंगावर सांडलं तर रंग खातं, लगेच पाण्याने धुवा. जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवून सी-क्लॅम्प हळूहळू आवळा. दोन पिस्टन असतील तर दोन्ही एकदम दाबा, नाहीतर एक आत जाताना दुसरा बाहेर येतो. जोर लावूनही पिस्टन हलत नसेल किंवा त्याच्या कडेने तेल झिरपत असेल तर काम तिथेच थांबवा.

नवे पॅड बसवताना जीभ असलेला पॅड जुना होता त्याच बाजूला जाईल असं पाहा. मसाल्याला किंवा डिस्कला ग्रीसचा हात लागला तर क्लीनरने साफ करा. कॅलिपर खाली आणून बोल्ट पुस्तकात दिलेल्या जोराने आवळा. नंतर चाक चढवा, नट समोरासमोरचे आळीपाळीने घट्ट करा आणि शेवटचा जोर गाडी खाली उतरवल्यावर द्या. मग दुसरी बाजू.

दोन्ही बाजू झाल्यावर इंजिन चालू करण्याआधी पेडल दाबत राहा. सुरुवातीला ते थेट खाली जाईल. दहा-पंधरा वेळा दाबल्यावर कडक होईल, तेव्हा पॅड डिस्कला टेकले. पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा मी नेमकी हीच गोष्ट विसरलो. गाडी मागे घेतली, ब्रेक दाबला तर पेडल जवळजवळ फळीला टेकलं. मागे माड होता म्हणून गाडी थांबली. बंपरचा पोचा अजून तसाच आहे. माडाला काही झालं नाही.

टाकीतली पातळी खुणेपर्यंत आणा. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असेल तेच ऑइल, तेही सीलबंद डब्यातलं. हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आपल्याकडच्या दमट हवेला काय कमी. कोरडं डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत येऊ शकते. बेळगावहून भाजी भरून चोर्ला घाट उतरताना ब्रेक तापले की पेडल स्पंजासारखं लागतं, त्याचं हे एक कारण. दर दोन वर्षांनी ऑइल बदलून घ्या आणि घाटात खालच्या गिअरमध्ये उतरा. पॅड बदलल्यावर थंड गाडीतही पेडल स्पंजासारखं लागलं तर लाइनमध्ये हवा आहे, ती काढून घेतल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही.

पॅड डिस्कवर बसायला वेळ द्या. मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून १० पर्यंत बेताच्या ब्रेकने गाडी आणा, मध्ये थोडं चालवून थंड होऊ द्या, असं आठ-दहा वेळा. थोडा जळका वास येतो, तो साहजिक आहे. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहू नका. पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाट आणि पूर्ण भार टाळता आला तर बरं. ५० ते १०० किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा एकदा आवळून पाहा.

आणि एक जुना पॅड हत्यारांच्या पेटीत टाकून ठेवा. पुढच्या वेळी पिस्टन दाबायला लागेल.