डीएनए पॉलिमरेजवर पीएचडी करायची असेल तर आधी जेल

एमएस्सी झालेली मुलं विचारतात, ताई, डीएनए कॉपी करणाऱ्या एन्झाइमवर, पॉलिमरेजवर, पीएचडी करायचीय, त्याचं स्ट्रक्चर बघायला क्रिस्टल (स्फटिकावर एक्स-रे) शिकू की क्रायो-ईएम (गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली)? दोन्ही शिकाल हो, पण पहिलं वर्ष प्रोटीन शुद्ध करण्यात आणि जेल (जेलीसारखी पट्टी, तिच्यातून वीज सोडली की डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात, छोटे जास्त खाली) चालवण्यात जाणार, आणि ते मनापासून करा, कारण स्ट्रक्चर म्हणजे फोटो, आणि फोटोतलं एन्झाइम खरंच काम करत होतं का हे जेलच सांगतं.

माझं प्रोटीन म्हणजे ई. कोलाय या बॅक्टेरियाच्या पॉलिमरेज वनचा क्लेनो नावाचा मोठा तुकडा. १९८५ साली येल विद्यापीठात स्टाइट्झ यांच्या लॅबनं याचं स्ट्रक्चर सोडवलं, उजव्या हातासारखं, तळवा, बोटं, अंगठा, मधे डीएनए मावेल अशी खोबण. हे सगळं पाठ होतं तरी मी अडकलेच. प्रायमरला, म्हणजे कॉपी जिथून पुढे वाढते त्या डीएनएच्या छोट्या तुकड्याला, फ्लुरोसंट लेबल लावलं, एन्झाइम घातलं, एका ट्यूबमध्ये न्यूक्लिओटाइड (जोडायचे सुटे बेस) घातलेच नाहीत, ती कंट्रोल, मग एन्झाइमला लागणारं मॅग्नेशियम ओढून घेणाऱ्या ईडीटीएनं रिअ‍ॅक्शन थांबवून युरिया जेल लावलं. कंट्रोलमध्ये प्रायमरचा बँड जागेवर हवा ना, तर तो खाली उतरलेला आणि त्याच्याखाली शिडीसारखे फिके बँड. मला वाटलं दुसऱ्या कुठल्या न्यूक्लिएजची (डीएनए कापणाऱ्या एन्झाइमची) भेसळ झाली, म्हणून निकेल कॉलम, हेपरिन कॉलम, जेल फिल्ट्रेशन, शुद्धीकरण सगळं परत केलं, दोन महिने गेले, शिडी तशीच. मग गाइडनी एवढंच विचारलं, अगं, याला खोडरबर पण आहे ना? चुकलेला बेस कापायची जागा याच प्रोटीनमध्ये असते, जोडायच्या जागेपासून साधारण ३० आंगस्ट्रॉमवर (तीन नॅनोमीटर), आणि जोडायला काही मिळालं नाही की ते प्रायमरच कुरतडत बसतं. कापणं बंद पडावं म्हणून प्रोटीनच्या साखळीतल्या ४२४ नंबरच्या अमिनो आम्लाच्या, म्हणजे अ‍ॅस्पार्टेटच्या जागी अ‍ॅलानिन केलं आणि बँड जागेवर राहिला. त्या जेलचा फोटो अजून माझ्या टेबलासमोर चिकटवलाय.

अजून एक, २६०/२८० रेशो (२६० आणि २८० नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला जातो त्याचं गुणोत्तर, डीएनए असला की वाढतं) बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. ही प्रोटीन डीएनएला धरणारीच, त्यामुळे पेशीतला डीएनए चिकटून येतो आणि रेशो ०.६ च्या आसपास यायच्या ऐवजी १ च्या वर जातो. कॉलमवर असतानाच जास्त मिठाच्या बफरनं धुवा.

मेकॅनिझम बघायचा तर एन्झाइमला ऐन कामात थांबवावं लागतं. प्रायमरच्या टोकाचा ओएच (पुढचा बेस जिथे जोडला जातो तो गट) काढून टाकायचा, म्हणजे पुढचा न्यूक्लिओटाइड येऊन बसतो पण जोडला जात नाही, किंवा मॅग्नेशियमऐवजी कॅल्शियम द्यायचं. आणि वेग मोजायचा असेल तर हातानं पिपेट करून भागत नाही, एक बेस काही मिलिसेकंदांत जोडला जातो, त्याला इतक्या झटपट मिसळून थांबवणारं क्वेंच-फ्लो मशीन लागतं.

म्हणून लॅब निवडताना तिथल्या सीनियरला बाजूला घेऊन विचारा, क्वेंच-फ्लो तुमच्याकडे आहे की दुसऱ्या गावी जावं लागतं, क्रिस्टल इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनला (तिथे जोरदार एक्स-रे मिळतात) नेता की बाहेरदेशी पाठवता, आणि मुख्य म्हणजे शेवटचं चांगलं प्रोटीन कधी निघालं होतं.