बॉस दुसऱ्याच फेरीत मरतो, तेव्हा: या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरात आम्ही सहा जण रविवारी दुपारी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून, पात्रे घेऊन खेळायचा कल्पनेचा खेळ पाचव्या आवृत्तीच्या नियमांनी खेळतो आणि गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि राक्षस चालवणारा, मी असतो. गेल्या पावसाळ्यात एका किल्ल्याच्या भुयारात मी बॉस, म्हणजे शेवटचा मोठा शत्रू, म्हणून एक खवीस बसवला होता. पाच खेळाडू तीन महिने त्याच्या मागावर होते, त्याला १५० हिट पॉइंट (एवढे नुकसान झाले की मरतो) दिलेले होते, आणि तो दुसऱ्या फेरीच्या शेवटी मेला; प्रत्येकाची एकेक पाळी झाली की एक फेरी होते. त्याला खरी पाळी एकच मिळाली, कारण दुसऱ्या पाळीला तो आमच्या मंकच्या (हातांनी लढणाऱ्या पात्राच्या) ठोशाने बधिर होऊन नुसता उभा होता. "संपला का?" असे एका खेळाडूने विचारले, आणि त्या आवाजात विजयाचा आनंद अजिबात नव्हता.

अशा वेळी बहुतेक गेम मास्टर पुढच्या बॉसचे हिट पॉइंट दुप्पट करतात, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी चूक आहे. पाचव्या लेव्हलच्या पाच खेळाडूंनी प्रत्येकी सरासरी १५ नुकसान केले, तर एका फेरीत ७५ होते. १५० हिट पॉइंट दोन फेऱ्यांत संपतात, ३०० संपायला चार फेऱ्या लागतात; पण त्या चार फेऱ्यांत खेळाडूंना २० पाळ्या मिळतात आणि बॉसला चारच. लढाई कठीण होत नाही, केवळ लांबते. बॉस कमी पडतो तो हिट पॉइंटमध्ये नव्हे, पाळ्यांमध्ये.

२०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत यावर लेजेंडरी ॲक्शन हा उपाय दिलेला आहे. दुसऱ्या कोणाची पाळी संपली की बॉसला एक छोटी कृती करता येते. अशा कृती साधारणपणे फेरीत तीन असतात आणि बॉसची स्वतःची पाळी सुरू झाली की त्या पुन्हा भरून मिळतात. स्वतःचा राक्षस रचताना ही सोय त्याला जरूर द्यावी, मात्र तिन्ही कृतींमध्ये पूर्ण हल्ला भरू नये. एक हलका वार, एक जागा बदलण्याची कृती आणि एक खेळाडूंची घडी विस्कटणारी कृती, एवढे पुरते. माझ्या दुसऱ्या खविसाच्या गळ्यात, कमरेला आणि पायात साखळ्या होत्या, आणि एखाद्याची पाळी संपताच तो साखळी फेकून त्याला दहा फूट ओढत असे. या एवढ्याशा कृतीमुळे मागे उभे राहून मंत्र टाकणारा खेळाडू पहिल्यांदाच उठून पटावर वाकला.

बॉसला एकटे ठेवू नये, हाही पाळ्या वाढवण्याचाच मार्ग आहे. आपल्याकडचा वेताळसुद्धा भुतांचा लवाजमा घेऊन निघतो. साथीदार मात्र एका वारात पडणारे असावेत, नाहीतर गेम मास्टरच्याच पाळीला दहा मिनिटे लागतात आणि खेळाडू मोबाइल काढतात. या बाबतीत रक्तबीजाइतका उत्तम नमुना मला दुसरा दिसत नाही. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा रक्तबीज उभा राहतो, म्हणून काली ते रक्त वरच्यावर पिऊन टाकते. पटावर याचा नियम सहज होतो: धारदार शस्त्राने वार केला की एक लहान प्रतिरूप उभे राहील, आगीने किंवा गदेने केला तर राहणार नाही. खेळाडूंना हे दुसऱ्या फेरीत कळते आणि तिसऱ्या फेरीपासून ते वेगळे लढतात.

बॉस बधिर होण्याच्या अडचणीवर लेजेंडरी रेझिस्टन्स हे उत्तर आहे: सेव्हिंग थ्रो, म्हणजे मंत्र किंवा फटका टाळण्यासाठी टाकलेला फासा, फसला तरी बॉस तो यशस्वी मानू शकतो, सहसा दिवसातून तीनदा. येथे चूक अशी होते की गेम मास्टर "नाही लागला" एवढेच म्हणून पुढे सरकतो, आणि ज्याने आपला सर्वांत मोठा मंत्र खर्च केला तो हिरमुसतो. माझ्या खविसाने असा बचाव वापरला की त्याची एक साखळी तुटून खाली पडत असे. तीन साखळ्या, तीन बचाव. पहिली तुटली तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही. दुसरी तुटताच सगळे उरलेली एक मोजू लागले, आणि फुकट गेलेला मंत्र हा त्यांच्या हिशेबातला एक टप्पा ठरला.

नुकसानाचा अंदाज चुकला तर उलटे घडते. २०१४ च्या नियमांत प्रौढ लाल ड्रॅगनच्या अग्निश्वासाला सहा बाजूंचे १८ फासे टाकतात, त्यांची सरासरी ६३ येते. काटकपणाचा आकडा १४ असलेल्या पाचव्या लेव्हलच्या जादूगाराला ३२ हिट पॉइंट असतात. म्हणजे सेव्हिंग थ्रो जिंकून निम्मे नुकसान झाले तरी त्याच्याकडे एक उरतो. असा फटका पहिल्याच फेरीत देऊ नये. राक्षस छाती फुगवतो, दगड तापू लागतात, अशी चाहूल आधीच्या फेरीत द्यावी, म्हणजे पळायचे की आडोसा घ्यायचा हे खेळाडू स्वतः ठरवतील.

रिकामा चौकोनी दरबार ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण आपण मराठवाड्यात राहतो आणि उत्तम नकाशे आपल्या दारात आहेत. देवगिरीच्या खंदकापलीकडची अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, एकदा चालून पाहावी. वळणे, अंदाज न येणाऱ्या पायऱ्या, वटवाघळांचा वास, आणि वरच्या तोंडाशी निखारे पेटवून धूर आत सोडण्याची व्यवस्था: तिथे साधा पहारेकरीसुद्धा बॉस होतो. नळदुर्गचा पाणीमहाल तर बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटात आहे. पाणी बाहेरून कोसळत असताना आत लढाई चालली आहे आणि दर फेरीला भिंतीतून थोडे पाणी आत येते आहे, अशी कल्पना करावी. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत बॉसच्या गुहेची कृती, म्हणजे जागेनेच केलेली हालचाल, इनिशिएटिव्हच्या (पाळ्यांचा क्रम ठरवणाऱ्या आकड्याच्या) २० या अंकावर होते. धूर किंवा पाणी नेमके तिथेच हलवावे.

बॉसचे मर्म लपवून ठेवणे हीदेखील चूकच आहे. १२९६ साली अलाउद्दीन खिलजीने देवगिरीला वेढा घातला, तेव्हा गडावर धान्य म्हणून चढवलेल्या पोत्यांत मीठ निघाले आणि रामदेवरायाला तह करावा लागला, असे सांगितले जाते. अभेद्य गड कशाने हरतो हे बाजारात, कोठारात, हमालांच्या बोलण्यात आधीच कळू शकते. बॉसचे मर्मही खेळाडूंना लढाईपूर्वी निदान तीन ठिकाणी सापडेल असे ठेवावे, कारण एक खूण हमखास निसटते.

रूप बदलणारा बॉस सर्वांना आवडतो, परंतु केवळ नवे चित्र दाखवल्याने रूप बदलत नाही. महिषासुर रेड्याचा सिंह होतो, मग खड्गधारी पुरुष, मग हत्ती, आणि पुन्हा रेडा. प्रत्येक रूपाने खेळाडूंचे काम बदलले पाहिजे: रेडा धडकेने रांग मोडतो, हत्ती सोंडेने एकाला धरून ठेवतो. निम्मे हिट पॉइंट संपले की बदल करावा, आणि दोन रूपे पुष्कळ झाली.

खेळ सुरू असतानाच बॉस ढासळू लागला, तर गुपचूप हिट पॉइंट वाढवू नयेत. खेळाडूंनी कमावलेले त्यांच्याकडून काढून घेणे मला पटत नाही. त्याऐवजी साथीदार लवकर आणावेत किंवा छत कोसळू द्यावे. लढाई रेंगाळली तर त्याला पळू द्यावे, तहाची बोलणी करू द्यावीत.

आणि शनिवारी रात्री चौकटीच्या वहीत तीन फेऱ्या एकट्याने खेळून पाहाव्यात. खेळाडूंच्या बाजूने सरासरी आकडे धरावेत, फासे फक्त बॉससाठी टाकावेत आणि प्रत्येक फेरीत त्याने वेगळे काय केले ते एका ओळीत लिहावे. तिसऱ्या फेरीसमोर पहिल्या फेरीतलीच ओळ आली, तर रविवारच्या आधी त्याच्या कृती बदलाव्यात, हिट पॉइंटला हात लावू नये.