प्रिंट होतं, स्कॅन होतं, फॅक्सच जात नाही: लिनक्सवाल्यांनो, या चुका टाळा

फॅक्स कधीच संपला, असं वागळे इस्टेटमधल्या एखाद्या जुन्या वर्कशॉपमध्ये किंवा न्हावाशेवाच्या कागदपत्रांवर चालणाऱ्या बेलापूरच्या ऑफिसात म्हणून बघा. ऐरोलीत बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं करणाऱ्यांना तर विचारूच नका. तिकडचे डॉक्टर, औषधांची दुकानं आणि विमा कंपन्या आजही फॅक्स नंबर मागतात. त्यामुळे कोपऱ्यात एक मल्टिफंक्शन प्रिंटर आणि त्याला टेलिफोनची वायर, हे दृश्य ठाणे-नवी मुंबईत अजून दिसतं. मग कुणीतरी ऑफिसातले संगणक उबुंटू नाहीतर मिंट या लिनक्सच्या प्रकारांवर नेतो. प्रिंट लगेच येतं, स्कॅनही येतं, आणि आठवड्याभरात तक्रार सुरू होते, “अहो, तुमचं ते लिनक्स टाकल्यापासून फॅक्स जात नाही.”

फॅक्सला तीन टप्पे असतात: संगणक ते यंत्र, यंत्र ते टेलिफोन लाइन आणि लाइन ते पलीकडचं यंत्र. लिनक्सचा संबंध फक्त पहिल्या टप्प्याशी. तरीही बहुतेक जण पहिल्याच टप्प्यात खोदत बसतात, आणि दोष दुसऱ्यात निघतो.

चूक: आधीच टर्मिनल (कमांड टंकायची खिडकी) उघडणं

संगणक बंद ठेवा. यंत्राच्या काचेवर एक कागद ठेवा, पॅनेलवरून नंबर दाबा आणि फॅक्स पाठवा. असा गेला नाही तर लिनक्सचा काही संबंध नाही, ड्रायव्हर दहा वेळा टाकला तरी उपयोग शून्य. एचपीच्या बऱ्याच यंत्रांत फॅक्स टेस्ट नावाचा पर्याय सेटिंगमध्येच असतो. तो फॅक्सचं हार्डवेअर, भिंतीवरचं सॉकेट जिवंत आहे का, वायर बरोबर खाचेत आहे का, डायल टोन मिळतो का आणि लाइनची स्थिती, हे सगळं तपासून छापील कागद देतो. तो कागद हातात असल्याशिवाय मी पुढचं काही बघत नाही.

तेवढ्यात आणखी एक करा. त्याच लाइनला साधा फोन लावा, कुठलाही एक आकडा दाबून डायल टोन थांबवा आणि कान देऊन ऐका. लाइन शांत हवी. घरघर, खरखर ऐकू आली, विशेषतः जून ते सप्टेंबरमध्ये, तर रस्त्यावरच्या जॉइंटमध्ये पाणी गेलं असण्याची शक्यता मोठी. बोलणं अशा लाइनवरही निभावून जातं, फॅक्सचा मोडेम निभावत नाही.

चूक: यंत्रात फॅक्स आहे का, हेच न बघणं

हसू नका, हे होतं. आपल्याकडे ऑफिसाऑफिसात दिसणारा एचपीचा लेझरजेट एम१००५ प्रिंट, स्कॅन आणि कॉपी करतो, फॅक्स त्यात नाहीच. यंत्राच्या मागे टेलिफोनच्या वायरीची खाच दिसत नसेल तर विषय संपला. दिसत असेल तर सहसा दोन असतात, लाइन आणि एक्स्ट. भिंतीकडून येणारी वायर लाइनमध्ये, बाजूचा फोन एक्स्टमध्ये. झाडलोट करताना कुणी काढून उलटी लावली की फॅक्स बंद, हे कारण अगदी नेहमीचं आहे.

चूक: प्रिंटर दिसला म्हणजे फॅक्सही आला, असं समजणं

आजकालच्या लिनक्समध्ये प्रिंटर जोडला की तो आपोआप यादीत येतो, कारण कप्स, म्हणजे लिनक्सची छपाई सांभाळणारी यंत्रणा, त्याच्याशी ड्रायव्हरशिवाय आयपीपी या छपाईच्या ठरलेल्या भाषेत बोलतं. स्कॅनरही तसाच येतो. यामुळे सगळं झालं असं वाटतं. पण लिनक्सच्या हिशेबात प्रिंट, स्कॅन आणि फॅक्स ही तीन वेगळी खाती आहेत. फॅक्ससाठी कप्समध्ये स्वतंत्र क्यू, म्हणजे कामांची रांग, लागतो, आणि आपोआप जोडणीत तो बहुतेकदा बनतच नाही.

एचपीच्या यंत्राला एचपीलिप हे एचपीचं लिनक्ससाठीचं सॉफ्टवेअर लागतं. उबुंटू-डेबियनमध्ये नुसतं एचपीलिप न टाकता एचपीलिप-जीयूआय हे पॅकेजही टाका, नाहीतर फॅक्सची खिडकी उघडणार कशी? मग टर्मिनलमध्ये एचपी-सेटअप ही कमांड चालवा. यंत्रात फॅक्स असेल तर हा प्रिंटचा आणि फॅक्सचा असे दोन्ही क्यू बनवतो. प्रिंटचा आधीच असेल आणि फक्त फॅक्सचा हवा असेल तर ‘डॅश टी’ पुढे फॅक्स असं लिहून तेवढाच बनवता येतो. झालं की क्यूंचे पत्ते दाखवणारी एलपीस्टॅट ही कमांड ‘डॅश व्ही’ देऊन बघा. एचपीफॅक्स या शब्दानं सुरू होणारा पत्ता दिसायला हवा. तो नसेल तर तुमच्याकडे फॅक्सचा क्यू नाही, मग डेस्कटॉपवर चिन्ह कितीही सुंदर दिसो.

यूएसबीवर जोडलेलं यंत्र एचपी-सेटअपला दिसतच नाही, असंही होतं. तिथे संशयित ठरलेला आहे, आयपीपी-यूएसबी नावाची सेवा. गेल्या काही वर्षांतल्या डेबियन-उबुंटूमध्ये ती आपोआप चालू असते आणि नव्या यंत्रांचा यूएसबी मार्ग स्वतःकडे घेऊन बसते, मग एचपीलिपला यंत्र मिळत नाही. सिस्टमसीटीएल या सेवा चालू-बंद करणाऱ्या कमांडनं ती थांबवा, वायर काढून पुन्हा लावा आणि परत एचपी-सेटअप चालवा. यंत्र दिसलं तर कारण सापडलं. कायमचा इलाज म्हणून त्या सेवेच्या क्वर्क्स या अपवादांच्या फोल्डरमध्ये या यंत्रापुरती नोंद करून त्याला वगळा. सेवा सरसकट काढून टाकली तर दुसऱ्या प्रिंटरचं स्कॅनिंग जातं आणि नवी तक्रार येते.

काही लेझरजेटना एचपीचं बंदिस्त प्लगिनही (एचपीलिपला जोडायचा जादा भाग) लागतं, ते एचपी-प्लगिननं उतरवायचं. मुद्दा हा की प्लगिनची आवृत्ती आणि एचपीलिपची आवृत्ती एकच असावी लागते. उबुंटू अपग्रेड केल्यावर एचपीलिप पुढे जातं, प्लगिन मागे राहतं. कालपर्यंत जाणारा फॅक्स अपग्रेडनंतर थांबला तर एचपी-प्लगिन पुन्हा चालवणं ही पहिली गोष्ट.

लिबरऑफिसमधून फॅक्सच्या क्यूला प्रिंट दिलं आणि काहीच घडलं नाही, ही आणखी एक नेहमीची तक्रार. क्यूला प्रिंट दिल्यावर नंबर विचारणारी खिडकी उघडण्याची व्यवस्था एचपी-सिस्ट्रे या प्रोग्रॅमवर आणि प्रोग्रॅमांमधले निरोप नेणाऱ्या डी-बसवर चालते. सिस्ट्रे चालू नसेल किंवा तुम्ही दुसऱ्या संगणकावरून एसएसएचनं आत आला असाल तर खिडकी येत नाही आणि काम लटकून राहतं. सरळ उपाय म्हणजे पीडीएफ बनवा आणि एचपी-सेंडफॅक्स या फॅक्स पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला थेट द्या. मला तर रोजच्या वापरालाही हाच रस्ता बरा वाटतो, मधले दोन दुवे कमी होतात.

ब्रदरचं दुकान वेगळं. तिथे प्रिंटचा ड्रायव्हर आणि फॅक्सचा ड्रायव्हर ही निरनिराळी पॅकेजेस आहेत, आणि दुसरं टाकायचं लोक विसरतात. टाकलं की बीआरफॅक्स नावाचा क्यू येतो. त्याला एलपीआर या छपाईच्या कमांडनं फाइल देताना फॅक्स-नंबर हा पर्यायही द्यावा लागतो, नंबराशिवाय फाइल दिली तर ती जाणार कुठे? बाकी कंपन्यांच्या नव्या यंत्रांसाठी कप्स-फिल्टर्स या कप्सच्या जोडपॅकेजच्या १.२८ आवृत्तीपासून ड्रायव्हरलेस-फॅक्स, म्हणजे ड्रायव्हरशिवाय फॅक्स, आलं आहे. यंत्र आयपीपी फॅक्स आउट (आयपीपीचाच फॅक्स पाठवण्याचा प्रकार) बोलत असेल तरच ते उपयोगी.

चूक: प्रिंटरचा आयपी बदलला, फॅक्सचा तसाच राहिला

राउटर बदलतो, नवा राउटर प्रिंटरला नवा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, देतो, प्रिंट बंद पडतं. कुणीतरी प्रिंटच्या क्यूमधला पत्ता दुरुस्त करतो आणि सगळे कामाला लागतात. फॅक्सच्या क्यूमध्ये मात्र जुनाच आयपी असतो, आणि तो कुणाच्या लक्षात येतो महिन्याभरानं, जेव्हा फॅक्स खरंच पाठवायचा असतो. राउटरमध्ये यंत्रासाठी एक आयपी राखून ठेवा.

चूक: फायबरच्या लाइनवर पूर्ण वेग

ज्या सोसायट्यांत, गाळ्यांत तांब्याची तार जाऊन फायबर आलं, तिथे टेलिफोन आता भिंतीवरच्या छोट्या डब्याच्या मागे लागतो. आवाज पॅकेटमध्ये कापून पाठवला जातो. बोलताना एखादं पॅकेट हरवलं तर कानाला कळतही नाही. फॅक्स मात्र सूर मोजून वाचतो, एक तुकडा गळला की दोन्ही यंत्रांचं जुळलेलं बिघडतं. पहिलं पान गेलं आणि दुसऱ्यावर तुटलं, किंवा स्थानिक फॅक्स जातो आणि अमेरिकेचा जात नाही, ही या दुखण्याची खूण.

यंत्राच्या सेटिंगमध्ये फॅक्सचा वेग कमी करा. फास्ट म्हणजे सेकंदाला ३३,६०० बिट, मीडियम १४,४०० आणि स्लो ९,६००. फायबरवर मी थेट स्लोपासून सुरू करायला सांगतो. पानाला थोडा वेळ जास्त लागेल, लागू दे. एरर करेक्शनचा (बिघडलेला भाग पुन्हा मागवण्याचा) पर्याय मात्र घाईनं बंद करू नका. तो बंद केला की कॉल पूर्ण होण्याची शक्यता वाढते हे खरं, पण मधल्या ओळी गाळून पान पोचू शकतं, आणि बिलातली रक्कम नेमकी त्याच ओळीत असायची. शेवटचा उपाय म्हणूनच तिकडे जा. वेग फास्टवर असताना तो बंद करताही येत नाही, कारण ३३,६०० चा प्रकार त्याच्याशिवाय चालतच नाही.

एवढं करूनही तुटत असेल तर लाइन देणाऱ्याला नेमका प्रश्न विचारा, या नंबरावर टी.३८ (फॅक्स इंटरनेटवरून नेण्याची पद्धत) चालू आहे का, आणि नसेल तर आवाज जी.७११ या कोडेकमध्ये (आवाज आकड्यांत बदलण्याच्या पद्धतीत) जातो का? आवाज दाबून लहान करणारे कोडेक फॅक्सला चालत नाहीत. “फॅक्स जात नाही” एवढंच सांगितलं तर राउटर बंद करून चालू करा, हेच उत्तर मिळणार. शिवाय तांब्याच्या जोडणीवर वीज गेली तरी डायल टोन असायचा, फायबरच्या डब्याला वीज लागते. इन्व्हर्टरवर प्रिंटर ठेवलाय आणि डबा नाही, असं बऱ्याच ठिकाणी आहे.

चूक: नंबर जसा व्हिजिटिंग कार्डावर, तसाच टाकणं

ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही ०२२ मध्येच. लँडलाइनवरून ठाण्याहून वाशीला फॅक्स करताना नुसते आठ आकडे पुरतात. डोंबिवली-कल्याण जवळ असलं तरी कोड ०२५१, तो लावावाच लागतो. अमेरिकेसाठी अधिकचं चिन्ह न टाकता ००१ पासून सुरुवात करा, आणि त्याआधी लाइनवर आयएसडी सुरू आहे का ते बघा. बंद असेल तर पलीकडून बाईंचा रेकॉर्ड केलेला आवाज येतो, यंत्र तो ऐकत बसतं आणि शेवटी ‘उत्तर नाही’ एवढंच छापतं.

ऑफिसात ईपीएबीएक्स, म्हणजे आतलं टेलिफोन एक्स्चेंज, असेल तर बाहेरच्या लाइनसाठी ० किंवा ९, मग एक पॉज, मग नंबर. आतला डायल टोन बाहेरच्या टोनसारखा नसल्यानं यंत्र ‘डायल टोन नाही’ म्हणून अडून बसतं, तिथे डायल टोन तपासणी बंद करा. यंत्राला ॲनालॉग एक्स्टेन्शनच द्या. डिजिटल फोनच्या पोर्टला वायर लावली तर यंत्राचा मोडेम जळू शकतो.

मराठी टंकणाऱ्यांसाठी एक खास खड्डा. इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू राहिला की आकडे देवनागरी पडतात. नंबराच्या खान्यात ते चालणार नाहीत, तिथे इंग्रजी आकडेच हवेत.

चूक: मराठी कागद साध्या दर्जात पाठवणं

साध्या दर्जाचा फॅक्स इंचाला आडवे २०४ ठिपके घेतो, पण उभ्या ओळी फक्त ९८. रोमन लिपी यात तग धरते. आपल्या अनुस्वाराचं, रफाराचं आणि जोडाक्षरांच्या पायांचं तिथे काही खरं नाही. दर्जा फाइनवर ठेवला की ओळी १९६ होतात आणि मजकूर वाचता येतो. टंक १४ च्या खाली नेऊ नका. लेटरहेडमागची फिकट छटा काढून टाका. फॅक्स पानातल्या सलग काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजून पान लहान करतो, छटेचे ठिपके आले की पट्टीच उरत नाही आणि एक पान मिनिटंच्या मिनिटं चालतं. जांभळा शिक्का हलका असेल तर स्कॅन करतानाच गडद करून घ्या. कागदाचा आकार लेटर राहिला असेल तर तो ए४ करा.

चूक: हायलाफॅक्स टाकून यंत्र शोधत बसणं

हायलाफॅक्स आणि ई-फॅक्स ही लिनक्सवरची फॅक्स सॉफ्टवेअर चांगली आहेत, पण ती फॅक्स मोडेमसाठी. मल्टिफंक्शन यंत्रातला मोडेम लिनक्सला मोडेम म्हणून दिसत नाही, त्यामुळे पोर्टांची नावं बदलून काही सापडणार नाही. स्वतंत्र यूएसबी फॅक्स मोडेम घेणार असाल तरच तिकडे वळा.

चूक: येणारा फॅक्स लिनक्सवर उतरेल अशी वाट बघणं

एचपीलिप फॅक्स पाठवतं, घेत नाही. येणारा फॅक्स यंत्र स्वतः उचलतं आणि कागदावर छापतं. ऑटो आन्सर चालू हवं, आणि रिंगांची संख्या त्याच लाइनवरच्या आन्सरिंग मशीनपेक्षा जास्त हवी. आधी आन्सरिंग मशीन उचलतं, यंत्र ऐकत राहतं आणि फॅक्सचा सूर आला की कॉल स्वतःकडे घेतं, नाहीतर साधे कॉलही यंत्रच उचलेल. कागदाऐवजी फाइल हवी असेल तर यंत्रात फॅक्स नेटवर्क फोल्डरमध्ये टाकण्याचा पर्याय आहे का बघा, आणि असेल तर लिनक्सवर सांबाचं (नेटवर्कवर फोल्डर वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरचं) फोल्डर उघडा. पत्ता, पासवर्ड सगळं बरोबर आणि तरी जोडणी नाकारली जाते, असं जुन्या यंत्रांबाबत होतं. ती फक्त एसएमबी१ ही फाइल-वाटपाची जुनी पद्धत बोलतात, आणि सांबानं ४.११ पासून तो मूळ सेटिंगमध्ये बंद केला आहे. सांबाच्या सेटिंगमध्ये सर्व्हर मिन प्रोटोकॉल एनटी१ केलं की फोल्डर दिसतं. पण हा प्रकार असुरक्षित आहे म्हणूनच बंद केलेला, तेव्हा हिशेबाच्या फाइली असलेल्या संगणकावर तो उघडू नका. कोपऱ्यातला एखादा जुना संगणक किंवा रास्पबेरी पाय फक्त या एका फोल्डरसाठी ठेवा आणि बाहेरच्या इंटरनेटवरून तो दिसणार नाही एवढं बघा.