गल्लीत मेळा भरवताय? आधी दुकानांची दारं मोजा

तारीख पक्की करण्याआधी, परवानगीचा अर्ज लिहिण्याआधी, पोस्टरचा रंग कोणता यावर वाद घालण्याआधी रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात जाऊन या. ग्रुपवर मेसेज टाकून भागत नाही, फोनवरही भागत नाही. स्वतः जा. मागच्या मेळ्यात आमच्याकडून नेमकं हेच राहिलं. रंगमंच, दिवे, बाहेरून बोलावलेले स्टॉल सगळं व्यवस्थित होतं, गर्दीही चांगली झाली. फक्त स्टॉलच्या पाठीमागच्या कापडांची सलग रांग दुकानांच्या तोंडावर आली. शिंप्याच्या दुकानाला दोन पायऱ्या आहेत. खालच्या पायरीवर एका स्टॉलच्या टेबलाचे पाय टेकले होते आणि कापड ताणायची दोरी बरोबर दारातून गेली होती. शिवायला दिलेला कपडा न्यायला आलेली एक बाई त्या दोरीखालून वाकून आत गेली. त्यानंतर दिवसभरात तिथे दुसरं गिऱ्हाईक चढलं नाही. इतर काही दुकानांत तर दुपारपर्यंत भवानीसुद्धा झाली नव्हती. आपल्या भागातल्या दुकानदारांचा धंदा वाढावा म्हणून रस्ता बंद करायचा आणि त्यांचीच दारं झाकायची, हे पुन्हा कुठेही होऊ नये म्हणून ही यादी.

दुकानात गेल्यावर ‘मेळा करतोय, सहकार्य असू द्या’ एवढंच बोलून बाहेर पडू नका. माल कोणत्या वारी आणि किती वाजता येतो, हे विचारा. आठवड्यातला सगळ्यात जास्त विक्रीचा दिवस कोणता, हे विचारा. नेमका तोच दिवस तुम्ही मेळ्यासाठी धरला असेल तर तारीख बदला. गिऱ्हाईक पायी येतं की गाडीने, हेही विचारा. जड सामान विकणाऱ्याकडे गाडी दारापर्यंत आली नाही तर विक्रीच होत नाही. औषधाच्या दुकानात वयस्कर माणसं येतात, त्यांना रस्त्याच्या टोकापासून चालत यायला लावू नका. गर्दी झाली की सगळ्यांचाच फायदा होतो, हा गैरसमज डोक्यातून काढून टाका. आधी वेळ घेऊन गिऱ्हाईक बोलावणाऱ्या सलूनला किंवा घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला गर्दीचा उपयोग नसतो, उलट त्रासच होतो. अशांना त्या दिवसासाठी काय सोयीचं पडेल, हे त्यांच्याच तोंडून ऐका आणि वहीत लिहून घ्या. नुसतं ऐकलेलं लक्षात राहत नाही.

एवढा आग्रह का, तर पैसा कुठे जातो हे महत्त्वाचं आहे म्हणून. शिकागोतल्या अँडरसनव्हिल या वस्तीचा २००४ मध्ये अभ्यास झाला. स्थानिक दुकानात खर्च झालेल्या दर १०० डॉलरपैकी ६८ डॉलर शहराच्याच अर्थव्यवस्थेत फिरत राहिले, साखळी दुकानात खर्च झालेल्या १०० पैकी ४३. कारण साधं आहे: स्थानिक दुकानदाराचे नोकर, हिशेबनीस, रंगारी, छपाईवाला सगळे जवळपासचेच असतात आणि नफाही तिथेच राहतो. प्रत्येक शहरात हेच आकडे निघतील असं नाही, पण दिशा हीच. मेळ्याला आलेल्या माणसाने सगळा खर्च बाहेरून आलेल्या स्टॉलवरच केला तर संध्याकाळी तो पैसा त्याच गाडीतून निघून जातो.

आता नकाशा. कागदावर सगळ्यात आधी दुकानांची दारं काढा, मग त्यांच्या काचा, मग पाट्या. उरलेल्या जागेत स्टॉल बसवा. आधी स्टॉल बसवून मग दारं शोधायची नाहीत. रस्ता रुंद असेल तर स्टॉलची रांग मधोमध पाठीला पाठ लावून घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंच्या स्टॉलचं तोंड दुकानांकडे येतं आणि माणसं स्टॉल आणि दुकान यांच्यामधून चालतात. रस्ता अरुंद असेल तर जिथे कुंपणाची भिंत आहे, बंद गाळे आहेत, तेवढ्याच भागात स्टॉल लावा. अग्निशमनाची गाडी जायला किती रुंदी मोकळी हवी, हे त्या दलाला विचारून घ्या, अंदाजाने ठरवू नका. बॅनर दुकानाच्या पाटीवर बांधायचा नाही, अर्ध्या पाटीवरही नाही. आणि दारासमोरच्या जागेवर पहिला हक्क त्या दुकानदाराचा. त्याला तिथे टेबल मांडायचं असेल तर भाडं न घेता मांडू द्या. स्टॉलवर जे विकलं जाणार तेच समोरच्या दुकानात मिळत असेल तर तो स्टॉल हलवा किंवा घेऊच नका. स्टॉलचं भाडं बुडेल, बुडू द्या.

परवानग्या लवकर घ्या. विम्याची चौकशी करा. स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, प्रथमोपचार हे सगळ्यांना माहीत असतं, त्यावर लिहीत बसत नाही. फक्त ‘स्वच्छतागृह त्या दुकानात आहे’ असं लोकांना परस्पर सांगू नका.

विजेबद्दल मात्र लिहायलाच हवं. २००० वॅटची एक शेगडी २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढते. १६ अँपिअरच्या एका जोडणीवर अशा दोन चालत नाहीत. दुकानातल्या सॉकेटवरून वायर ओढून स्टॉल चालवलात आणि लोड वाढून खटका पडला, तर दुकानाचा फ्रीज बंद पडतो आणि मालाचं नुकसान दुकानदाराला सोसावं लागतं. जनरेटर किंवा तात्पुरती स्वतंत्र जोडणी घ्या. रिळावरची वायर पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली वायर जास्त भाराने तापते आणि वितळू शकते.

आवाजाचंही तसंच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणून एका टोकाला प्रचंड मोठा स्पीकर लावला तर लांबच्यांना ऐकू येईपर्यंत जवळच्यांचे कान फुटतात. लहान स्पीकर जास्त लावा, आवाज कमी ठेवा. कुठल्याही स्पीकरचं तोंड दुकानाच्या दाराकडे नको. आत दुकानदार आणि गिऱ्हाईक ओरडून बोलत असतील तर विक्री होत नाही. आवाजाची चाचणी चालू असताना एकाने दुकानात उभं राहून बघावं. रंगमंच रस्ता जिथे संपतो तिथे कोंडीत नको, एका चौरस मीटरमध्ये चार-पाच माणसांपेक्षा जास्त दाटी झाली की ढकलाढकलीचा धोका खरा असतो.

कार्यक्रमांच्या मध्ये मोकळा वेळ ठेवा. हे फार कमी लोक करतात आणि सगळा फरक इथेच पडतो. एकामागून एक सादरीकरण चालू राहिलं तर माणसं रंगमंचासमोरून हलत नाहीत, आणि संपलं की घरी जातात. मध्ये वीस-पंचवीस मिनिटं काही नसलं की ती फिरतात, काचेतून आत बघतात, आत जातात. पत्रकावर कार्यक्रम ज्या अक्षरात छापाल त्याच आकाराच्या अक्षरात दुकानांची नावं छापा, कोण काय विकतं यासकट. स्वयंसेवकांना ती नावं पाठ असायला हवीत. कुणी सुई-दोरा विचारला, पाण्याची बाटली विचारली, मुलाच्या चपलेचा पट्टा तुटला, तर बोट आधी दुकानाकडे गेलं पाहिजे.

सुट्टे पैसे दुकानांनाही आधीच मिळतील असं बघा. गर्दीत नेटवर्क अडकतं आणि मोबाइलवरून पैसे जाईनासे होतात, तेव्हा रोख लागते. मेळ्याला येणाऱ्या ओळखीच्यांना सांगा: त्या आठवड्यात जे ऑनलाइन मागवणार होतात ते त्या दिवशी इथल्या दुकानातून घ्या, पिशवी घेऊन या, आणि हाताने काम करणाऱ्या कारागिराशी घासाघीस करू नका. नंतर साध्या दिवशीही या. एका दिवसाच्या गर्दीवर दुकानाचं महिन्याचं भाडं निघत नाही.

आदल्या रात्री रस्त्यावर खडूने खुणा करा: दारासमोर फुली, स्टॉलच्या जागी चौकोन. फुलीवर काही ठेवायचं नाही, खुर्चीसुद्धा नाही, हे स्टॉलवाल्यांना लेखी द्या. सकाळी स्टॉल लागले की एक फेरी, दुपारी एक फेरी, कारण टेबलं दिवसभरात हळूहळू सरकत दारापर्यंत येतात. पायऱ्या बघा, दोऱ्या बघा. दारात काही आलं असेल तर तिथल्या तिथे हलवा, ‘थोड्या वेळाने बघू’ नाही.

आवरताना कचरा, दोऱ्या, भिंतीतले खिळे. जनरेटर परत. दोन-तीन दिवसांनी कुणाचा धंदा किती झाला, कुणाचा बुडाला, हे विचारून त्याच वहीत लिहा. बॅरिकेड ज्यांचे त्यांना पोचवा आणि अनामत रक्कम सोडवून घ्या.