ग्राहक आयोगात जाताय? या चुका टाळा

आमच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर वॉरंटीतच बसला. पुढचे सात महिने कस्टमर केअरला फोन करण्यात गेले. दर वेळी उत्तर एकच, ‘४८ तासांत टेक्निशियन येईल.’ शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरलं आणि कागद जुळवायला बसलो, तर हातात बिल आणि वॉरंटी कार्डाखेरीज काही नव्हतं. सात महिन्यांचं सगळं बोलणं फोनवरच झालेलं.

फोन जरूर करा, पण तो ठेवल्याबरोबर ईमेल टाका: आज इतक्या वाजता बोलणं झालं, तक्रार क्रमांक हा, तुम्ही हे कबूल केलंत. टेक्निशियन घरी आला की जॉबशीट, म्हणजे त्याने केलेल्या कामाची नोंद, वाचल्याशिवाय सही करू नका. मशीन चालत नसेल तर तसं तिच्यावर लिहा, मग सही करा, आणि फोटो काढून ठेवा. ‘ओटीपी सांगा, पुढचं मी बघतो’ असं तो म्हणेल. बऱ्याचदा त्याच ओटीपीने तुमची तक्रार बंद होते आणि कंपनी नंतर तीच नोंद आयोगापुढे ठेवते. दुरुस्ती झाल्याशिवाय ओटीपी द्यायचा नाही, तो कितीही घाईत असला तरी.

दुसरी चूक थांबून राहण्याची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल व्हावं लागतं. कंपनीशी ईमेल चालू आहेत म्हणून ही मुदत वाढत नाही. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार जरूर नोंदवा, कित्येक प्रकरणं तिथेच मिटतात, पण तो दावा नव्हे. उशीर झालाच तर माफीचा वेगळा अर्ज आणि पटणारं कारण द्यावं लागतं.

कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला म्हणून लोक नाद सोडतात. सोडू नका. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही, आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.

तक्रार लिहिताना राग आवरा. ‘एक्झिक्युटिव्ह उद्धट बोलला’ यावर दोन पानं खर्च होतात आणि किती पैसे दिले, काय मिळालं नाही, आता नेमकं काय हवं, हे राहून जातं. मागणी मुद्द्यांत लिहा: फ्रीज बदलून किंवा पैसे परत, मानसिक त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च. तीस हजारांच्या फ्रीजसाठी दहा लाख मागितले तर खरं नुकसानही फुगवलेलं वाटतं. विरुद्ध पक्ष म्हणून ब्रँडचं नाव नको, बिलावरचं कंपनीचं पूर्ण नाव आणि पत्ता द्या, विक्रेत्यालाही सामील करा. बिल तुमच्या स्वतःच्या दुकानाच्या नावावर असेल तर ‘व्यावसायिक वापर’ हा आक्षेप येणारच. स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू कायद्यात बसते, पण ते तक्रारीतच लिहायला हवं.

सुनावणीची तारीख चुकवू नका, गैरहजेरीत तक्रार निकाली निघू शकते. आणि कंपनीचा वकील लेखी जबाबासाठी पुन्हा पुन्हा मुदत मागू लागला तर उभं राहून हरकत घ्या. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे आयोगालाही मुदत देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे.